धुकं नाही, मग फॉगलाइट कशाला?

काल रात्री आंबोली घाट उतरत होतो. आभाळ स्वच्छ, धुक्याचा पत्ता नाही. तरी समोरच्या जीपचे फॉगलाइट चालू, टपावर पांढरी एलईडी पट्टी, वरून अप्पर! 2 सेकंद काहीच दिसेना. 40 च्या वेगात म्हणजे 22 मीटर आंधळी गाडी. कडेनं चालणारा माणूस अगदी शेवटी दिसला. डिप्पर दिला तर साहेबांनी हॉर्न मारला.

अहो, फॉगलाइट बंपरमध्ये खाली बसवतात ते धुक्यात रस्त्याची कड दिसावी म्हणून, रुबाबासाठी नाही. धुक्यातही अप्पर लावलात तर उजेड उलटून तुमच्याच डोळ्यांत येतो.

आणि नाक्यावर हेल्मेटची पावती फाडणाऱ्यांना एवढी झगझगीत पट्टी कशी दिसत नाही?