पंच हौदचा चहा आणि नाताळचा केक

डिसेंबर लागला की आपल्या व्हॉट्सअॅपवर दोन प्रकारचे संदेश फिरू लागतात. पहिला आपल्यातलाच असतो. नाताळच्या शुभेच्छा देऊ नका, शेजाऱ्यांचा केक खाऊ नका, मुलांना शाळेच्या कार्यक्रमात पाठवू नका, ईमान जाईल. दुसरा बाहेरून येतो. कॅरोल गाणाऱ्यांच्या टोळ्या वस्त्यांमध्ये शिरून धर्मांतर करत आहेत, सावध राहा. वाईट याचे वाटते की हा दुसरा संदेशही आपले लोक पुढे पाठवतात. आपल्याविरुद्ध असेच संदेश वर्षभर फिरत असतात, तरीही शेजाऱ्याच्या विरोधात आलेला मजकूर आपण न तपासता दहा गटांमध्ये टाकतो.

नाताळात ख्रिस्ती माणूस करतो तरी काय? पुण्यात कॅम्प, खडकी, गुरुवार पेठ या भागांत कोणीही जाऊन पाहावे. तरुण मुले-मुली गिटार घेऊन घरोघर जातात, येशूच्या जन्माची गाणी म्हणतात, एखादी छोटी पुस्तिका देतात. शेजारच्या घरी करंज्या आणि केकचे ताट जाते. कोणी विचारले तर बेथलेहेमची गोष्ट सांगतात. कोणी विचारले नाही तरी काही जण सांगतात. त्यांच्या श्रद्धेनुसार ही सगळ्या जगाला द्यायची आनंदवार्ता आहे. ती स्वतःजवळ ठेवा असे त्यांना सांगणे म्हणजे त्यांचा सणच अर्धा करणे होय.

आता आपल्याकडे पाहू. रबीउल अव्वलमध्ये आपण सीरतच्या पुस्तिका वाटतो. कुरआनचे मराठी भाषांतर हिंदू मित्रांना, पोलीस अधिकाऱ्यांना, प्राध्यापकांना भेट देतो. मशीद परिचयाच्या कार्यक्रमात बिगरमुस्लिम पाहुण्यांना आत बोलावतो, शीरखुर्मा देतो आणि इस्लाम म्हणजे काय ते समजावतो. याला आपण दावत म्हणतो आणि ते पुण्याचे काम मानतो. मग त्यांची पुस्तिका प्रलोभन कशी? आपला शीरखुर्मा पाहुणचार आणि त्यांचा केक आमिष, हा हिशेब कोणत्या न्यायात बसतो?

काही बंधू म्हणतील, सर, ते हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहचा पुत्र म्हणतात. हे शिर्क आहे. त्यांच्या प्रचाराची बाजू आपण कशी घ्यायची?

मी त्यांच्या अकीद्याची बाजू घेत नाही. हजरत ईसा (अ.) हे अल्लाहचे पैगंबर आहेत, त्यांचा जन्म हा अल्लाहच्या कुदरतीचा नमुना आहे, आणि ते अल्लाहचे पुत्र नाहीत. या श्रद्धेत मी तसूभरही मागे हटत नाही. मी बाजू घेतो ती बोलण्याच्या हक्काची. समोरच्याचे बोलणे चुकीचे वाटले तर त्याला उत्तर द्यायचे असते. त्याचे तोंड बंद करायला पोलीस बोलावायचे नसतात. उत्तम रीतीने बोला आणि दीनच्या बाबतीत जबरदस्ती नाही, ही शिकवण आपल्याच ग्रंथाची आहे.

आपला इतिहासही हेच सांगतो. मक्केत छळ सोसलेले मुसलमान इ.स. ६१५ च्या सुमारास हबशाला गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्याच्या दरबारात हजरत जाफर बिन अबी तालिब यांनी आपला दीन सांगितला आणि सूरह मरियमच्या आयती ऐकवल्या. परक्या देशात आलेल्या निर्वासितांनी ख्रिस्ती राजाला इस्लामचा परिचय करून दिला. राजाने त्यांना हाकलले नाही, उलट आश्रय दिला. पुढे नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीनेत आले, तेव्हा त्यांना मस्जिदे नबवीत उतरवले गेले, असे सीरतच्या ग्रंथांत येते. वाद झाला, मतभेद राहिले. ते लोक आपल्या धर्मासह आणि संरक्षणाचा करार घेऊन परत गेले. ज्या उम्मतीला पहिला आसरा एका ख्रिस्ती दरबारात मिळाला, तिने कॅरोल गाणाऱ्या पोरांकडे संशयाने पाहावे का?

पुण्याचा इतिहासही डोळ्यांसमोर ठेवावा. १८९० साली पंच हौद मिशनमधल्या कार्यक्रमात चहा-बिस्किटे देण्यात आली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे त्या मंडळींत होते. नावे छापून आली आणि शहरात ग्रामण्य पेटले. दोघांवरही प्रायश्चित्ताची पाळी आली. त्या चहाने कोणी ख्रिस्ती झाले नाही. आज आपण या प्रकाराला हसतो. पण केकच्या तुकड्याने ईमान जाते म्हणणारे आपले लोक त्या ग्रामण्यवाल्यांपेक्षा वेगळे काय सांगत आहेत?

याच शहरात त्याआधीची एक गोष्ट घडली आहे. गोविंदराव फुले यांनी मुलाची शाळा सोडवली होती. त्याला पुन्हा शाळेत घाला म्हणून त्यांचे मन वळवणारे दोघे होते. एक ख्रिस्ती लिजिट साहेब आणि दुसरे उर्दू-फारसीचे मुस्लिम शिक्षक गफार बेग मुन्शी. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. गफार बेग माझ्याच पेशातले, म्हणून मला त्यांचा विशेष अभिमान वाटतो. मिशनच्या शाळेत ख्रिस्ती शिकवण कानावर पडणार हे त्यांना कळत नव्हते काय? तरी त्यांनी शेजाऱ्याच्या हुशार मुलाला तिथे पाठवण्याचा आग्रह धरला.

पुढे काय झाले? जोतीरावांनी मिशनऱ्यांचे उपकार उघडपणे मानले. त्यांनी बायबल जाणून घेतले, इस्लामही जाणून घेतला, पैगंबरांवर कविता लिहिली. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि मुसलमानही झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या शेवटच्या ग्रंथात त्यांनी असे कुटुंब कल्पिले की ज्यात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी आहे, आणि सगळे प्रेमाने नांदत आहेत. ऐकणारा माणूस स्वतः विचार करतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

बायकांना फूस लावतात, असा आरोप नेहमी होतो. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचा. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचे ऐकले नाही. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या. नंतर स्वतःच्या विचाराने त्यांनी निर्णय घेतला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर आपल्याच धर्मगुरूंशी, ज्यांच्याकडे राहत होत्या त्या सिस्टरांशी, सिद्धान्तांवरून पत्रांतून कडकडून वाद घातला. केडगावला त्यांनी दुष्काळातल्या मुली-बायकांना आसरा दिला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम केले. या बायकांना कोणी गोड बोलून फसवले असे म्हणणारा त्यांच्या बुद्धीचा अपमान करतो.

याचा अर्थ सगळा प्रचार निर्मळ असतो असे नाही. औषधाच्या बदल्यात प्रार्थना, नोकरीच्या बदल्यात नाव बदलणे, आजार बरा करण्याचे खोटे चमत्कार, हे पाद्र्याने केले तरी चूक आणि आपल्या एखाद्या बाबाने ताईत-गंडा विकून केले तरी चूक. फसवणूक आणि धमकी यांसाठी कायदा आहे. पण फसवणूक सिद्ध व्हावी लागते. गाण्यावरून ती गृहीत धरता येत नाही.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ‘प्रसार’ या शब्दावर वाद झाला. तो शब्द काढावा, धर्म खासगी ठेवावा, अशी दुरुस्ती मांडणाऱ्यांत तजम्मुल हुसेन हे मुस्लिम सदस्यही होते. सभेने ते मान्य केले नाही. कन्हैयालाल मुन्शींसारख्यांनी हा शब्द राखण्याच्या बाजूने भाषण केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा मूलभूत हक्क नाही, पण आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा हक्क आहे. नाताळची पुस्तिका त्यातच बसते आणि आपली सीरतची पुस्तिकाही त्यातच बसते.

म्हणूनच हा प्रश्न फक्त ख्रिस्ती बांधवांचा नाही. उत्तर प्रदेशच्या कायद्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याला ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीने सिद्ध करायचे असते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीचे धर्मांतर हे दोन्ही विषय एकत्र ठेवले गेले. म्हणजे सरकारी कागदावर आपण आणि ते आधीच एका ओळीत आहोत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती लोक सुमारे १ टक्का आणि आपण साडेअकरा टक्के. एवढ्याशा समाजाच्या गाण्यावर बंदी येताना आपण गप्प बसलो, तर उद्या आपल्या दावतीसाठी कोण बोलणार?

बंधू-भगिनींनो, तो संदेश पुढे पाठवू नका. गल्लीत कॅरोलवाले आले तर दार उघडा आणि त्यांचे ऐकून घ्या. मग आपल्या घरात हजरत मरियम (अ.) यांचे नाव किती आदराने घेतले जाते, कुरआनमध्ये त्यांच्या नावाची एक पूर्ण सूरह आहे, हे त्यांना सांगा. पटले नाही तर त्यांना तसे म्हणू द्या, तुम्हाला पटले नाही तर तुम्हीही म्हणा. आणि कोणी त्यांना अडवायला आले, तर त्यांच्या बाजूला उभे राहा.