मन शांत ठेवू, पण ड्यूटी कोण लावतो?

अलीकडे ठिकठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचे वर्ग भरतात. साहेब सांगतात, विचार चांगले ठेवा, तब्येत चांगली राहील. यात खोटे काही नाही, हे आम्ही आधीच मान्य करतो. मनात धास्ती बसली की छाती धडधडते, झोप उडते, पोट बिघडते. आणि ती वर्षानुवर्षे राहिली तर हृदयावर भार पडतो. चार्जशीट हातात पडलेल्या बंधूला हे डॉक्टरने सांगावे लागत नाही.

आमचा प्रश्न निराळा आहे. ही धास्ती मनात येते कोठून?

१९६७ साली लंडनमध्ये ब्रिटिश सरकारच्या सुमारे १८ हजार पुरुष नोकरांची तपासणी सुरू झाली. सगळे सरकारी नोकरीतले, उपाशी कोणी नाही. सर्वसाधारण समज असा की, काळजी मोठ्या साहेबाला, तेव्हा हृदयविकारही त्यालाच. निघाले उलटेच! सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई वगैरेंच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे तिप्पट. धूम्रपान, रक्तदाब हे सारे हिशेबात धरूनही फरक पुरता मिटला नाही. पुढे १९८५ पासून डॉ. मायकेल मार्मट व सहकाऱ्यांनी १० हजारांवर स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांची दुसरी पाहणी केली. ज्यांना आपल्या कामात काही ठरविण्याची मुभा नव्हती, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. हा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला.

आता आपल्याकडे पाहा. रनिंग रूममध्ये डोळा लागतो न लागतो तोच कॉल येतो. सॉर्टिंगला लागोपाठ रात्रपाळी. पोस्टमन एकटा दोन बीट वाटतो आणि रजा मागितली की उत्तर ठरलेले, ‘माणूस नाही’. (भरती का झाली नाही, ते मात्र विचारू नये!) अशा माणसाला पाच मिनिटे डोळे मिटून बसवायचे आणि तरीही तो आजारी पडला तर दोष त्याच्याच विचारांना द्यायचा, हे आम्हाला मंजूर नाही.

वर्गाला जरूर बसा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या मात्र बंद करू नका. लिंक आणि रोस्टर ठरविताना आपला प्रतिनिधी असलाच पाहिजे, ही मागणी प्रत्येक शाखेने येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घालावी. आणि जो सहकारी हल्ली गप्प गप्प असतो, त्याला संध्याकाळी युनियनच्या ऑफिसात चहाला बोलवा. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.