मणिबेली, अरुण आणि केळीचे बागाईत

दक्षिण आशियातील पर्यावरण-चळवळी म्हणजे एकाच जागृतीच्या निरनिराळ्या शाखा, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. खानदेशचा अनुभव या समजुतीला दुजोरा देत नाही.

मणिबेली हे तेव्हाच्या धुळे व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील गाव. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील जी ३३ गावे येणार होती, त्यांतील हे पहिले. ब्रॅडफर्ड मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनाच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला, आणि मार्च १९९३ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग भारत सरकारने आपण होऊन सोडून दिला. चळवळीचा हा विजयच होता. परंतु त्याच पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांत पाणी शिरले. बँक गेली, धरण राहिले.

ऑगस्ट १९९५ मध्ये याच बँकेने नेपाळमधील अरुण-३ वीजप्रकल्पातून अंग काढून घेतले आणि तो प्रकल्प जागच्या जागी थांबला. हा फरक कार्यकर्त्यांच्या निष्ठेतला नव्हे. अरुण-३ परकी पैशावाचून उभाच राहू शकत नव्हता. म्हणून १९९० मध्ये परतलेल्या लोकशाहीचा आधार घेऊन काठमांडूतील अभियंत्यांनी व कार्यकर्त्यांनी खर्चाचा हिशेब मांडला, लहान प्रकल्पांचा पर्याय सुचविला, आणि बँकेच्या दारी मागितलेली दाद पुरेशी ठरली. भारतीय राज्यसंस्था स्वतःचा पैसा उभारू शकते. शिवाय सौराष्ट्र-कच्छच्या तहानेचे राजकीय बळ धरणामागे होते. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बांधकामाची वाट मोकळी केली. नेपाळचा विजयही कायमचा नव्हता, हे येथे सांगितलेच पाहिजे. २०१८ मध्ये अधिक क्षमतेच्या नव्या अरुण-३ ची पायाभरणी झाली. तो बांधण्याचे काम भारताच्याच सरकारी कंपनीकडे गेले!

बांगलादेशात फुलबारीच्या उघड्या कोळसाखाणीविरुद्ध निघालेल्या मोर्चावर २६ ऑगस्ट २००६ रोजी गोळीबार झाला, तिघे मृत्युमुखी पडले, आणि काही दिवसांतच सरकारला आंदोलकांशी करार करावा लागला. तेथे खाणीखाली जाणार होती ती दाट वस्तीची सुपीक जमीन; शेतकरी, मजूर, दुकानदार सारेच एका बाजूस आले. खानदेशात तसे घडले नाही. सातपुड्यातील भिल्ल-पावरांचे बुडित तापीकाठच्या बागाईतदाराला आपले वाटले नाही.

आणि खुद्द या बागाईतदाराच्या पायाखालचे पाणी? यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजलाचा उपसा मर्यादेबाहेर गेला आहे, कूपनलिका वर्षानुवर्षे खोल जात आहेत. तरी चळवळ नाही. समोर बँक नाही, परकी कंपनी नाही. पाणी उपसणारा गावातलाच, बहुधा गावाचा पुढारी. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाणी कोणाला, किती आणि कोणत्या पिकाला, हे लाभधारक मिळून ठरवीत आले. केळीच्या पट्ट्यात हा प्रश्न कधी निघालाच, तर बैठकीला विहीरवाल्यांबरोबर विहीर नसलेला शेतमजूरही बोलवावा लागेल. हातपंप आटला की मैलभर पायपीट त्याच्याच घरच्या बाईला करावी लागते.