भाकरी, साखर आणि मुलांचा डबा

पालक सभा असो वा विश्वस्त मंडळाची बैठक, मुलांच्या डब्याचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. घरात कोणाला मधुमेह झाला की काही घरांतून मुलांच्या ताटातलाही भात आणि भाकरी कमी होते. उलट काही पालकांना डब्यात भाकरी देणे कमीपणाचे वाटते. मग बिस्किटांचा पुडा, ब्रेड-जाम किंवा झटपट नूडल्स दिल्या जातात. आमच्या मते या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यासाठी पाठ्यपुस्तकातील पचनसंस्थेचा धडा पालकांनीही एकदा वाचावा, असे आम्हांस वाटते.

भात, भाकरी, चपाती, बटाटा यांत मुख्यतः पिष्ट असते. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबलचक माळ. ही माळ तोडण्याचे काम तोंडातच सुरू होते. लाळेतील पाचक रस पिष्टाचे तुकडे करू लागतो. म्हणूनच भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे. जठरातील आम्लामुळे लाळेचे काम थांबते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस मिसळतो आणि राहिलेली माळ तुटते. शेवटचे तुकडे आतड्याच्या अस्तरावरील पाचक रस करतात. पिष्टापासून ग्लुकोज मिळते, साखरेपासून ग्लुकोज व फ्रुक्टोज, आणि दुधातील साखरेपासून ग्लुकोज व गॅलॅक्टोज. हे बारीक कण आतड्याच्या बोटांसारख्या उंचवट्यांतून रक्तात शिरतात व आधी यकृताकडे जातात. यकृत व स्नायू त्यांतील काही भाग साठवून ठेवतात. स्वादुपिंडातील इन्शुलिन रक्तातील ग्लुकोज पेशींपर्यंत पोहोचवण्यास मदत करते.

म्हणजे भाकरी खाल्ली काय किंवा साखर खाल्ली काय, रक्तात शेवटी ग्लुकोज जातेच. मग फरक कशात? फरक वेगात आणि सोबतीत आहे. सरबतातील साखर चावावी लागत नाही, तिला चोथ्याचा अडथळा नसतो. ती झपाट्याने रक्तात उतरते. भाकरीबरोबर उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी असली की जठर सावकाश रिकामे होते आणि ग्लुकोज हळूहळू मिळत राहते. नुसती भाकरी आणि चहा दिला तर हा फायदा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडे शिळी भाकरी ताकाबरोबर खाण्याची रीत आहे. शिजवलेले पिष्ट थंड झाले की त्याचा काही भाग पचायला कठीण होतो व चोथ्यासारखा पुढे सरकतो. ताक होताना दुधातील साखरही काहीशी कमी झालेली असते. आजीच्या न्याहारीला शास्त्राचा असा आधार आहे.

साखर म्हणजे विष, असेही आम्ही म्हणत नाही. आतड्यात ग्लुकोज आणि मिठातील सोडियम एकाच दारातून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. याच तत्त्वावर १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांना साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचवले. जुलाब झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावे.

प्रश्न आहे तो रोजच्या अतिरेकाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. दिवसाला १६०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलासाठी हा हिशेब ४० ग्रॅम व २० ग्रॅम असा होतो. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. गुळाला यातून सूट नाही. गुळातही बहुतांश तीच साखर असते.

"आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला काय होणार?" असे काही पालक म्हणतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासातून दिसले की आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. बारीक दिसणे ही निरोगीपणाची खूण नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी सांगितली आहे.

बेळगाव-निपाणी भागातील अनेक पालक ऊस पिकवतात. ऊस हेच आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या फीचे व वह्या-पुस्तकांचे साधन आहे, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. पण पीक विकून संसार करणे वेगळे आणि त्याचा मारा मुलांच्या पोटावर करणे वेगळे. सणावाराला कुंदा, मांडे, पुरणपोळी जरूर व्हावी. रोजच्या मधल्या सुट्टीला मात्र सण करू नये.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. विश्वस्तांनी फाटकाबाहेरील विक्रीकडे लक्ष द्यावे; मेद, साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. पालकांनी वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याऐवजी केळी किंवा भाजलेले शेंगदाणे द्यावेत, अथवा ग्रंथालयाला एक पुस्तक भेट द्यावे. आणि विद्यार्थ्यांनी भाकरी आणणाऱ्या मित्राला हसू नये. त्याच्या डब्यातला एक घास मागून खावा व नीट चावून खावा.

उपाशीपोटी शाळेत येणारे मूल दुसऱ्या तासाला पेंगते, आणि नुसत्या बिस्किटांवर आलेले मूलही लवकर भुकेजते. वर्गात आम्ही कितीही जीव तोडून शिकवले तरी त्या डोक्याला ग्लुकोज पुरवण्याचे काम घरच्या चुलीचेच आहे. तेवढे घराने सांभाळावे, ही विनंती.