झिजलेला भाग आणि गृहस्थाचा हिशेब

व्यापारी घरात वस्तूची किंमत ओळखणे हा संस्कारच मानला जातो. चालती वस्तू टाकू नये, मोडलेली दुरुस्त करावी, खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा, ही शिकवण मुलांना दुकानाच्या पायरीवरच मिळते. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र हीच शिकवण पुष्कळदा चुकीच्या जागी लावली जाते. सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टीम यांवर सढळ हाताने खर्च करणारा गृहस्थ, मेकॅनिकने ‘ब्रेकचे पॅड बदलायला हवेत’ असे म्हणताच विचारतो, ‘अजून दोन महिने निघतील ना?’ त्या दोन महिन्यांतच दिवाळीची सुटी येते, आणि आजी-आजोबा व नातवंडे यांच्यासह तीच गाडी घाट उतरत असते.

काटकसर आणि कृपणता यांतला भेद येथे नेमका समजून घ्यावा लागतो.

पहिला प्रश्न कोणता?

एखादा भाग झिजला आहे असे कळल्यावर बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न किमतीचा येतो. वास्तविक पहिला प्रश्न असा हवा : हा भाग धावत्या गाडीत निकामी झाला तर काय होईल? या एका प्रश्नाने गाडीतील भागांचे तीन गट आपोआप पडतात.

पहिला गट केवळ गैरसोयीचा. काच वरखाली करणारी मोटर, दाराचा हँडल, वातानुकूलनाचा फिल्टर हे भाग बिघडले तर त्रास होतो, धोका नसतो. येथे थांबावे, भाव काढावा, भंगारबाजारातला जुना पण सुस्थितीतला भाग घ्यावा. त्यात काही वावगे नाही.

दुसरा गट गाडी थांबवणारा. बॅटरी, क्लच, स्टार्टर हे त्यात येतात. टायमिंग बेल्टही याच गटातला, पण त्याची शिक्षा जबर असते. दातेरी रबरी पट्ट्याचा हा भाग बाहेरून दिसत नाही आणि तुटण्यापूर्वी बहुधा सूचनाही देत नाही. अनेक इंजिनांत तो तुटताच व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडण्याची पाळी येते. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. आपल्या गाडीत काय आहे आणि पट्टा असल्यास तो किती किलोमीटरला बदलायचा, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहावे; अंदाजाने ठरवू नये.

तिसरा गट गाडीवरचा ताबाच हिरावून घेणारा. टायर, ब्रेक, स्टीअरिंग आणि सस्पेन्शनचे सांधे हे ते भाग. या गटात ‘अजून थोडे दिवस’ ही भाषा वापरूच नये. या भागांची किंमत गाडीत बसलेल्यांबरोबर रस्त्याच्या कडेने चालणारा अनोळखी माणूसही मोजत असतो.

टायर काय सांगतो

टायरवरील खोबणी शोभेसाठी नसते. पावसात रस्त्यावर साचलेले पाणी त्या खोबणीतून बाजूला फेकले जाते आणि रबर जमिनीला टेकून राहते. खोबणी उथळ झाली की वेगात असलेला टायर पाण्यावर तरंगू लागतो. मग स्टीअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. आपल्या देशातील नियमानुसार मोटारीच्या टायरची खोबणी १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. टायरच्या खोबणीतच तेवढ्या उंचीचे लहान आडवे उंचवटे ठेवलेले असतात. झिजत झिजत टायरचा पृष्ठभाग त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की त्याचे आयुष्य संपले. सुज्ञ माणूस पावसाळ्यापूर्वी तिथवर वाट पाहत नाही.

झीज कोठे झाली आहे हेही वाचता येते. मध्यभागी अधिक झिजलेला टायर हवा जास्त असल्याचे सांगतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहिली होती. एकच कड झिजली तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे किंवा सस्पेन्शनचा एखादा सांधा ढिला झाला आहे. कारण दूर न करता नवा टायर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो आणि पैसे दुसऱ्यांदा खर्च होतात.

टायरचे वयही पाहावे. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. कमी धावणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण उन्हाने रबर कडक होते आणि त्याला बारीक चिरा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत. डिकीत पडून राहिलेली स्टेपनीही याला अपवाद नाही.

नवा टायर घेताना १८५/६५ आर १५ ८८ एच अशासारखी जी ओळ जुन्या टायरवर असते ती पुस्तिकेशी ताडून पाहावी. यात १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे रुंदीच्या तुलनेत उंचीचे शेकडा प्रमाण आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास. ८८ हा आकडा एका टायरने ५६० किलो भार पेलण्याची क्षमता दाखवतो, तर एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. भाराचा आकडा मुळापेक्षा कमी असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागच्या चाकांना लावावेत. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाला कठीण जाते.

ब्रेकची गोष्ट

नव्या ब्रेक पॅडवरील घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावेत. अनेक पॅडना लहानशी धातूची पट्टी जोडलेली असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळू लागते. हा आवाज ऐकूनही दुर्लक्ष केले तर पॅडचे लोखंड डिस्क खरवडते आणि लहान खर्चाचा मोठा खर्च होतो. डिस्कलाही किमान जाडी ठरलेली असते आणि ती बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. पॅड नेहमी डाव्या-उजव्या चाकांचे एकत्र बदलावेत, अन्यथा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढली जाते. शॉकअप बदलतानाही हाच नियम पाळावा.

पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलची पातळीही थोडी खाली येते. ही पातळी पाहून नुसते तेल ओतून मोकळे होणे म्हणजे तापमापक गार पाण्यात बुडवून ताप उतरला असे मानणे. पातळी का उतरली, पॅड झिजले की कोठे गळती आहे, हे आधी पाहावे.

या तेलाविषयी फारच थोड्यांना माहिती असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते. मानकानुसार नव्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर तो किमान १५५ अंश राहिला तरी चालतो. बोरघाट किंवा आंबा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला तर पॅड आणि डिस्क प्रचंड तापतात, जुने तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. ज्याला लोक ‘अचानक ब्रेक फेल झाला’ म्हणतात त्यामागे अनेकदा हे असते. म्हणून हे तेल साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलावे आणि ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा.

निवड आणि पारख

पुण्याची नाना पेठ असो की दिल्लीचे काश्मिरी गेट, सुट्या भागांच्या बाजारात एकाच वस्तूचे तीन भाव ऐकू येतात. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला भाग सर्वांत महाग. पुष्कळदा तोच भाग बनवणारा कारखाना आपल्या नावानेही तो विकतो आणि तो काहीसा स्वस्त मिळतो. असा नामांकित भाग घेणे ही खरी काटकसर. तिसरा भाव नकली मालाचा. तो खोक्यावर दुसऱ्याचे नाव चोरून येतो. खोक्यावरील अशुद्ध अक्षरे, पुसट छपाई, भाग क्रमांक नसणे आणि ‘बिल कशाला?’ हा दुकानदाराचा प्रश्न, ही त्याची लक्षणे. भाग मागताना केवळ गाडीचे नाव सांगू नये; आरसी पुस्तकातील चासी क्रमांक द्यावा, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक भाग बदलतात. भाग क्रमांकासह पक्के बिल घ्यावे. तिसऱ्या गटातील भाग मात्र भंगारातून कधीही घेऊ नयेत.

काम झाल्यावर जुना भाग परत मागावा. त्यात संकोच कसला? तो पाहिला म्हणजे बदलण्याची खरोखर गरज होती का, हेही कळते. नव्या भागाचे रिकामे खोके फाडूनच टाकावे, म्हणजे नकली मालवाल्याच्या हाती ते पडणार नाही. जुनी बॅटरी दुकानदाराला द्यावी. २०२२ च्या नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुने तेल गटारात जाऊ देऊ नये.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबावे. पहिला दाब पोकळ जातो. चाक काढून बसवले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत.

घरखर्चाची वही जशी असते तशी एक लहान वही गाडीतही असावी. कोणता भाग, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर बदलला एवढेच तीत लिहावे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या प्रवासापूर्वी, ती उघडावी. जो भाग आज ना उद्या बदलावाच लागणार आहे तो प्रवासाच्या आधी बदलला तरी खर्च तेवढाच होतो. प्रवासात बदलावा लागला तर किंमत गॅरेजवाला ठरवत नाही.