रोमिओ फर्नांडिसवर निबंध कोण लिहिणार?



'माझा आवडता खेळाडू' हा निबंध दिला की चौथीच्या वर्गातून काय येणार, हे आपल्याला पाठ असतं. विराट, धोनी, रोहित. फुटबॉलवाला एखादा असला तर मेस्सी नाहीतर रोनाल्डो. आणि सगळे निबंध एकाच वाटेने जातात: गरिबी, मेहनत, यश, 'मलाही त्यांच्यासारखे व्हायचे आहे'. वाचायला छान वाटतं, पण त्यातून खेळाडूचं आयुष्य मुलांना कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून एक नाव सुचवते. रोमिओ फर्नांडिस. जन्म १९९२, दक्षिण गोव्यातलं असोळणा गाव. आधी धेंपो क्लबकडून खेळला. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तो एफसी गोवा संघात होता आणि प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको. (हे नाव मुलांना माहीत नसेल, त्यांच्या आजोबांना विचारा.) २०१५ च्या सुरुवातीला ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराच्या अ‍ॅटलेटिको पॅरानेन्स क्लबने रोमिओला लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घेतलं. दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक क्लबकडून मैदानात उतरलेला पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

तिथे मुख्य संघाकडून तो किती सामने खेळला? एक. तोही बदली खेळाडू म्हणून. मग त्याच वर्षी परत आला आणि पुन्हा एफसी गोवाकडून खेळू लागला. भारताच्या संघाकडूनही खेळला.

निबंध लिहिणारा नेमका इथे अडतो. 'पहिला भारतीय' एवढंच लिहून थांबायचं, की 'एकच सामना' हेही लिहायचं? मी म्हणते, दोन्ही लिहा. समुद्राकाठच्या गावातला मुलगा नऊशे मीटर उंचीवरच्या थंड शहरात जातो, भाषा वेगळी, जेवण वेगळं, आणि संघात जागा मागणारे सगळे फुटबॉलवेड्या देशातले. तो एक सामना काही फुकट मिळालेला नाही.

परदेशात खेळणं मोठमोठ्यांनाही असंच जड गेलंय. आयर्लंड छोटा देश, तिथली गुणी पोरं २०२० पर्यंत कोवळ्या वयातच इंग्लंड गाठायची. डब्लिनचा लियम ब्रॅडी तसाच लंडनच्या आर्सेनलमध्ये गेला आणि १९८० मध्ये इटलीच्या युव्हेंटसमध्ये. १९८२ च्या हंगामाचा शेवटचा सामना होता, विजेतेपद एका पेनल्टीवर आलं होतं. क्लबने त्याच्या जागी फ्रान्सच्या प्लॅटिनीला आधीच घेतलं होतं, हे ब्रॅडीला माहीत होतं. तरी पेनल्टी त्यानेच मारली, गोल केला, क्लबला विजेतेपद मिळालं आणि तो दुसऱ्या क्लबात गेला. यश मिळवूनही निघावं लागतं, हे आपल्या कुठल्या निबंधात येतं?

आता बजाजनगरचं बोलू. वाळूज एमआयडीसीत शिफ्ट करून आलेले वडील विचारतात, "मॅडम, फुटबॉल खेळून पोट भरतं का?" प्रश्न रास्त आहे. मी कुणाला ब्राझीलची स्वप्नं दाखवत नाही. पण गोव्यात गावाला मैदान असतं, क्लब असतो; जो पोरगा ब्राझीलला पोचत नाही तोही संध्याकाळी खेळतो. आपल्याकडे शिष्यवृत्तीची तयारी सुरू झाली की पहिला बळी खेळाच्या तासाचा. आणि गंमत म्हणजे त्या तासात आपण काय घेतो? निबंधाचा सराव! विषय, माझा आवडता खेळाडू.

पालकांनो, त्या तासात गणित घ्या म्हणून कृपया चिठ्ठी पाठवू नका. आणि शिक्षक मित्रांनो, निबंध द्यायचाच तर यंदा हा प्रश्न देऊन बघा: कुरितिबातला तो एक सामना संपल्यावर रोमिओने घरी फोन लावला असेल, तर तो काय बोलला असेल? दहा ओळी लिहा.