बुधवारची खडवली

दर बुधवारी सकाळी मी डोंबिवलीहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल पकडतो आणि खडवलीला उतरतो. त्या वेळी सगळी गर्दी मुंबईच्या दिशेने निघालेली असते. समोरून येणाऱ्या गाडीच्या दाराला माणसं लटकलेली दिसतात आणि माझ्या डब्यात मात्र खिडकी मिळते. कल्याणला कर्जतची वाट वेगळी होते. शहाड, आंबिवली, टिटवाळा मागे पडलं की इमारती विरळ होत जातात, वीटभट्ट्या आणि भातखाचरं दिसू लागतात. खडवली स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की भातसा नदी.

‘तिकडे काय काम असतं?’ असं ओळखीचे लोक विचारतात. पहिली दोन वर्षं मी ‘एका पार्टीकडे जातो’ असं सांगायचो. आता खरं सांगतो. तिथे बसून विचार करायचा असतो, आणि ते माझ्या आठवड्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे.

माझं प्रेस शॉप आहे, डोंबिवली एमआयडीसीत. सहा पॉवर प्रेस, चौदा माणसं. स्विचच्या आणि मीटरच्या आत पितळेचे जे लहान टर्मिनल असतात ते आम्ही करतो. पाच वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीचा फोन आला तेव्हा मी शटरपाशी उभा राहून टेम्पोत माल भरून घेत होतो. आमच्या तेव्हाच्या एकूण कामाइतकंच आणखी काम, दर महिन्याला. चलनावर सही करता करता मी हो म्हणून टाकलं. बोलणं दोन मिनिटांचं झालं असेल. त्या दोन मिनिटांपायी मी कर्ज काढून दोन प्रेस घेतले, जुन्या गिऱ्हाइकांचा माल मागे ठेवला आणि सहा नवी माणसं कामाला लावली. चौदा महिन्यांनी त्या कंपनीने डिझाइन बदललं आणि आमचा भाग त्यातून गेला. थकलेली बिलं वसूल व्हायला आणखी सात महिने लागले. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असं 2006चा कायदा सांगतो, पण मोठ्या गिऱ्हाइकापुढे कायद्याचा कागद धरायला छोटा कारखानदार धजावत नाही. मीही धजावलो नाही.

त्या सहा माणसांना मला घरी पाठवावं लागलं. त्यातल्या एका मुलाचं लग्न ठरलं होतं. त्याने बोल लावला नाही. हिशेब घेतला, नोटा दोनदा मोजल्या, डबा पिशवीत टाकला आणि ‘येतो शेठ’ म्हणून गेला. ते ‘येतो’ अजून माझ्या कानात आहे.

डिझाइन बदलणं हा त्या कंपनीचा हक्क होता. एकाच गिऱ्हाइकावर अर्धा धंदा टांगायचा का, उद्या त्याने हात काढून घेतला तर काय, हे प्रश्न मला विचारायला हवे होते. ते अवघड नव्हते. बारावीतल्या मुलालाही सुचले असते. मला सुचले नाहीत, कारण मी उभा होतो, हातात पेन होतं आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

आमच्या धंद्यात डाय करायची तर आधी ड्रॉइंग लागतं. पट्टी किती सरकेल, पहिल्या ठोक्याला भोक, दुसऱ्याला घडी, तिसऱ्याला तोड, पंच आणि डाय यांच्यात फट किती, हे सगळं कागदावर उतरल्याशिवाय टूलरूममध्ये कुणी पोलादाला हात लावत नाही. कारण हार्डनिंग झाल्यावर चूक सापडली तर तो ठोकळा भंगारात जातो. एका टर्मिनलसाठी आम्ही एवढी काळजी घेतो. वीस घरांचं पोट ज्याच्यावर अवलंबून आहे त्या निर्णयाचं मात्र ड्रॉइंग नसतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी वाचताना मला नेहमी त्यांचं चित्रकलेचं शिक्षण आठवतं. ते मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला आले होते. रंग ओळखण्यात दोष आहे असं लक्षात आल्यावर ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला फार दिवस गेले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तो माळ म्हणजे निवडुंग आणि साप. आपण ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतो. मला ती ड्रॉइंगच्या माणसाची गोष्ट वाटते. गोष्ट प्रत्यक्षात येण्याआधी ती कागदावर उभी करून सगळ्या बाजूंनी बघायची सवय असलेला माणूसच न खपणारा नांगर घेऊन बसून राहू शकतो आणि निवडुंगाच्या माळावर कारखान्याची आखणी करू शकतो.

एकांत म्हटलं की आपल्याला भंडाऱ्याचा डोंगर आठवतो. तुकोबांच्या घरी दुकान होतं, महाजनकी होती, आणि पुढे कर्जाची खतं त्यांनी इंद्रायणीत सोडली. त्यामुळे की काय, एकांतात बसणारा माणूस संसारातून आणि धंद्यातून उठला, असंच आपण धरून चालतो. व्यापाऱ्याने गल्ल्यावर असावं, कारखानदाराने मशीनवर. माझे वडील म्हणायचे, मालकाची नजर हटली की माल बिघडतो. ते खोटं नाही. पण नजर मशीनवर खिळली की रस्ता दिसत नाही, हेही तितकंच खरं. सेवाग्रामला गांधीजी सोमवारी मौन पाळत, कुणाला काही सांगायचं तर चिठ्ठी लिहून देत. देशभराचा व्याप असलेल्या माणसाने आठवड्यातला एक दिवस बोलणंच बंद ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्ट चालवताना बिल गेट्स वर्षातून दोनदा आठवडाभर एका लाकडी घरात एकटे राहून नुसते वाचत आणि विचार करत. सहा प्रेसच्या मालकाला आठवडा परवडत नाही. चार तास परवडतात.

घरी हे जमत नाही. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बेल वाजते, कुरियर येतं, शेजारचं ड्रिलिंग चालू असतं. ऑफिसात तर दार उघडं म्हणजे मालक मोकळा. खडवलीला मला कुणी ओळखत नाही. शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात इथे सहलीची झुंबड असते, बुधवारी सकाळी नसते. शिवाय नदीला भर उन्हाळ्यातही पाणी असतं. वर शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेलं पाणी याच पात्रातून खाली पिसे बंधाऱ्याकडे जातं. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा या एका धरणाचा आहे. एप्रिलमध्ये सगळं रान करपलेलं असताना झाडाखाली बसून ते वाहतं पाणी बघता येतं. मी पाण्यात उतरत नाही आणि कुणी उतरू नये. पाणी एकाएकी वाढतं, दगड निसरडे आहेत, इथे बुडून कितीतरी तरुण मुलं गेली आहेत.

फोन शॉपमध्ये ठेवून जातो. बरोबर दोनशे पानी वही, पेन्सिल, पाणी आणि पोळीभाजी. आदल्या रात्री वहीत एकच प्रश्न लिहायचा, दुसरा लिहायचा नाही. पहिला पाऊण तास वाया गेल्यासारखा वाटतो. डोक्यात नुसता कचरा येतो: कंप्रेसरचं तेल बदलायचं राहिलं, अमक्याचं टेस्ट सर्टिफिकेट द्यायचं आहे, बँकेने मागितलेला स्टॉकचा कागद. हे सगळं मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून टाकतो. सुरुवातीचे काही बुधवार मी याच टप्प्यावर कंटाळून परतीची गाडी धरली होती. तो कचरा संपला की मग प्रश्न हाताला लागतो.

एका बुधवारचा प्रश्न होता, ‘माणसं तीच, मशीन तीच, तरी माल का निघत नाही?’ मी आठवडा डोळ्यांसमोर आणला आणि वार लिहून एकेक पाळी मांडत गेलो. सोमवारी डाय बदलली, मंगळवारी बदलली, गुरुवारी, पुन्हा शनिवारी. एकेका सेटिंगला दोन तास. जुनी डाय उतरवा, नवी चढवा, स्ट्रोक जुळवा, पहिले पाच-दहा पीस मोजून पाहा. चार वेळा दोन तास म्हणजे आठ तास. सर्वांत मोठ्या प्रेसची एक अख्खी पाळी दर आठवड्याला डाय चढवण्यात जात होती, कारण चार गिऱ्हाइकं थोडाथोडा माल मागत होती आणि जो जास्त ओरडेल त्याचा माल मी आधी लावत होतो. हे तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी चौघांशीही बोललो. दोघांनी महिन्याचा माल एकदम घ्यायचं कबूल केलं. नवा प्रेस घ्यायचा विचार मी तिथेच सोडून दिला.

दुसरी गोष्ट मी ठरवली नव्हती. आमचे सुपरवायझर काका वडिलांच्या वेळेपासून आहेत. पहिल्या बुधवारी ते काळजीत पडले होते.

‘शेठ, काही झालं तर विचारायचं कुणाला?’

‘तुम्ही आहात ना, काका.’

‘पण मशीन थांबवायची वेळ आली तर?’

‘तर थांबवा.’

दीड-दोन महिन्यांनी खरंच तशी वेळ आली. पंचला केसाएवढी चीर दिसली. माल त्याच दिवशी जायचा होता. एरवी काकांनी मला विचारलं असतं आणि डिस्पॅचच्या घाईत मी ‘आजचा दिवस चालवा’ म्हटलं असतं. त्यांनी प्रेस बंद केला, गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून एक दिवस मागून घेतला आणि पंच टूलरूमला पाठवला. मी परतलो तेव्हा चिरलेला पंच माझ्या टेबलावर कागदावर ठेवलेला होता. तो प्रेस तसाच चालवला असता तर डायही गेली असती, आणि ऑपरेटरच्या हाताला काय झालं असतं याचा विचार मला करवत नाही.

आपल्याकडे धंदेवाईक माणसाने सतत धावत असावं अशी अपेक्षा आहे. दोन फोन, कानाला तिसरा, जेवायला फुरसत नाही, हे अभिमानाने सांगितलं जातं. नव्याने धंदा सुरू करणारी मुलं मला भेटतात, तीही रात्री दोनला पाठवलेले मेसेज दाखवतात. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण माल भरणं, बिलं करणं, वसुलीला जाणं ही कामं पगार देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतात. कोणतं काम घ्यायचं, कुणाला नाही म्हणायचं, पाच वर्षांनी काय बनवायचं, हे काम मालकाचंच आहे. त्याने ते केलं नाही तर कुणीही करत नाही, आणि त्याची किंमत ‘येतो शेठ’ म्हणून जाणारा मुलगा मोजतो.

म्हणून ज्यांच्या हाताखाली पाच-दहा जरी माणसं असतील त्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यातला एक वार आणि चार तास आजच ठरवा, फोन कुणाकडे ठेवायचा तेही ठरवा. खडवलीच हवी असं नाही. तुमच्या गावचं देऊळ, तळं, रिकामं वाचनालय काहीही चालेल. प्रश्न मात्र आदल्या रात्री लिहा. माझा या बुधवारचा लिहून झाला आहे. काका पुढच्या वर्षी साठ पूर्ण करतात, त्यांच्यानंतर शॉप कुणाच्या हाती द्यायचं?